अतिदक्षता विभागातील बुरशी : प्रश्न देशाचा नव्हे, मुक्कामाचा

ब्रिटन किंवा अमेरिकेतील रुग्णालयात दाखल होताना विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत अलीकडे एक प्रश्न वारंवार आढळतो : गेल्या बारा महिन्यांत आपण परदेशातील एखाद्या रुग्णालयात रात्रीच्या मुक्कामासाठी दाखल होतात काय? उत्तर होकारार्थी आले, की काखेतून आणि जांघेतून कापसाच्या बोळ्याने नमुना घेतला जातो आणि अहवाल येईपर्यंत रुग्णाला अनेकदा स्वतंत्र खोलीत ठेवले जाते. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले, काही महिन्यांपूर्वीच पुण्यात किंवा नाशकात हृदयशस्त्रक्रिया झालेले वडील अशा खोलीत एकटे पडून राहतात. हातमोजे आणि गाऊन चढवल्याशिवाय परिचारिका आत येत नाहीत. घरच्यांच्या मनात पहिल्यांदा येते ती अपमानाची भावना : आपण भारतातून आलो म्हणून ही वागणूक?

शंका स्वाभाविक आहे आणि ती पूर्णतः निराधारही नाही. भारतीय उपखंडातील रुग्णालयांचा अनुभव या प्रश्नामागे नक्कीच आहे. तथापि त्या प्रश्नातील कळीचा शब्द 'परदेश' हा नसून 'रात्रीचा मुक्काम' हा आहे. ज्या बुरशीसाठी ही तपासणी होते, ती विमानतळावर चिकटत नाही, बाजारात चिकटत नाही, लग्नाच्या पंगतीत तर नाहीच. ती प्रामुख्याने रुग्णालयात, त्यातही अतिदक्षता विभागात, आणि त्यातही नळ्यांनी वेढलेल्या, प्रतिजैविकांवर असलेल्या, दीर्घकाळ पडून राहिलेल्या रुग्णाला गाठते. गेल्या तीन दशकांत जगभर झालेल्या अभ्यासांतून धोक्याच्या घटकांची जी यादी तयार झाली आहे, ती नीट वाचली तर लक्षात येते की तिच्यातील बहुतेक गोष्टी रुग्ण घरून घेऊन येत नाही. त्या त्याला रुग्णालयात मिळतात. म्हणूनच ती यादी वैद्यांपुरती मर्यादित ठेवून चालणार नाही. आई-वडील एका खंडात आणि मुले दुसऱ्या खंडात अशी ज्यांची घरे विभागली गेली आहेत, त्यांनी तर ती अवश्य समजून घ्यावी.

वसती म्हणजे संसर्ग नव्हे

आरंभी एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण पुढचा सारा घोटाळा तो न कळल्याने होतो. कॅन्डिडा ही यीस्ट प्रकारातील बुरशी. तिच्या काही जाती निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात आणि त्वचेवर आयुष्यभर निमूटपणे राहतात. बुरशी शरीराच्या पृष्ठभागावर राहते, वाढते, पण आतल्या ऊतींत शिरत नाही आणि आजार निर्माण करत नाही, अशा स्थितीला वैद्यकात 'कॉलनायझेशन' म्हणतात. आपण तिला 'वसती' म्हणू. तीच बुरशी रक्तात किंवा एखाद्या अंतर्गत अवयवात शिरली, की तो संसर्ग झाला. उंबरठ्यावर बसलेला माणूस आणि घरात शिरलेला माणूस यांत जेवढे अंतर, तेवढे या दोन अवस्थांत आहे. पण उंबरठा ओलांडल्याखेरीज घरात शिरता येत नाही हेही तितकेच खरे. वसती ही संसर्गाची पूर्वअवस्था असते.

या पूर्वअवस्थेचे मोजमाप करण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न स्विस वैद्य दिदिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या अत्यवस्थ रुग्णांच्या शरीरावरील अनेक ठिकाणांचे नमुने नियमितपणे तपासले आणि तपासलेल्या ठिकाणांपैकी किती ठिकाणी कॅन्डिडा आढळते, याचे साधे गुणोत्तर काढले. अर्ध्या किंवा त्याहून अधिक ठिकाणी बुरशी सापडू लागली, की संसर्गाचा धोका लक्षणीय वाढतो, असे त्यांना दिसले. पाहणी लहान होती, अवघ्या २९ रुग्णांची. परंतु तिने विचाराची दिशा बदलली. बुरशी आहे की नाही, एवढेच विचारणे पुरेसे नाही. ती किती पसरली आहे आणि किती वेगाने पसरते आहे, हे पाहिले पाहिजे, हा तो विचार.

धोक्याची यादी

पुढे २००६ मध्ये स्पेनमधील ७३ अतिदक्षता विभागांतल्या १,६९९ रुग्णांच्या माहितीवरून 'कॅन्डिडा स्कोअर' नावाची मोजपट्टी तयार झाली. शिरेवाटे दिले जाणारे संपूर्ण पोषण, शस्त्रक्रिया, अनेक ठिकाणची वसती आणि तीव्र सेप्सिस अशा चार गोष्टींवर ती उभी आहे. यातील सेप्सिसला दोन गुण, उरलेल्या तिन्हींना प्रत्येकी एक. या चारांच्या जोडीला अन्य अभ्यासांनी पुढे आणलेले घटक मांडले, तर त्यांचे तीन गट पडतात.

पहिला गट रुग्णाच्या देहाचा. मधुमेह, मूत्रपिंड निकामी होणे, स्वादुपिंडाचा तीव्र दाह, मोठ्या भाजलेल्या जखमा, मुदतपूर्व जन्मलेले अर्भक, आणि विशेषतः आतड्याला छिद्र पडून झालेली किंवा टाके उसवल्याने पुन्हा करावी लागलेली पोटाची शस्त्रक्रिया. आतड्याची भिंत फाटली, की जी बुरशी आत बंदिस्त होती तिला पोटाच्या पोकळीचा रस्ता मोकळा होतो.

दुसरा गट औषधांचा. व्यापक पल्ल्याची प्रतिजैविके जिवाणू मारतात, बुरशीला ती मारत नाहीत. आतड्यातील अब्जावधी उपकारक जिवाणू ज्या जागेवर आणि ज्या अन्नावर हक्क सांगून बसलेले असतात, ती जागा रिकामी होते आणि बुरशी तिथे फोफावते. शेतकऱ्याला हे निराळे समजवायला नको. पीक उपटून टाकलेल्या मोकळ्या वावरात आधी तणच माजते. स्टेरॉइडे रोगप्रतिकारशक्तीला लगाम घालतात आणि रक्तातील साखरही वाढवतात. आणि याच गटात एक विरोधाभासी नाव येते : पूर्वी दिलेले बुरशीरोधक औषध. त्याकडे पुढे वळू.

तिसरा गट उपकरणांचा. मानेतील वा जांघेतील मोठ्या शिरेत घातलेली सेंट्रल लाइन, लघवीची नळी, व्हेंटिलेटरसाठी श्वासनलिकेत घातलेली नळी, डायलिसिसची नळी. त्वचा ही शरीराची तटबंदी. प्रत्येक नळी त्या तटबंदीत एक दिंडी उघडते. शिवाय प्लास्टिकच्या पृष्ठभागावर कॅन्डिडा स्वतःभोवती एक चिकट थर, म्हणजे बायोफिल्म, विणते. त्या थराच्या आत औषध नीट पोहोचत नाही, म्हणून रक्तात बुरशी सापडली की शक्य असेल तेव्हा सेंट्रल लाइन काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो.

या तिन्ही गटांना बांधणारा चौथा घटक म्हणजे काळ. एका दिवसासाठी घातलेली नळी आणि वीस दिवस राहिलेली नळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रतिजैविकांचा पाच दिवसांचा क्रम आणि तीन आठवड्यांचा क्रम यांचा परिणामही एकसारखा नसतो. देहाचे घटक दाखल होण्याच्या क्षणी ठरलेले असतात. औषधे, उपकरणे आणि दिवस यांवर मात्र दररोज सकाळी नव्याने निर्णय घेता येतो.

कानातली बुरशी

हे सारे ज्ञान एका गृहीतावर उभे होते : अतिदक्षता विभागातील रुग्णाला जडणारी कॅन्डिडा बहुधा त्याच्या स्वतःच्याच आतड्यातली असते. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी टोकियोतील एका ७० वर्षांच्या स्त्रीच्या कानातील स्रावातून वेगळ्या केलेल्या नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिला कॅन्डिडा ऑरिस हे नाव दिले. लॅटिनमध्ये 'ऑरिस' म्हणजे कानाचा. २०२४ मध्ये वर्गीकरण बदलून तिला कॅन्डिडोझायमा ऑरिस हे नाव मिळाले, तरी वैद्यकीय व्यवहारात जुने नाव अजून प्रचलित आहे. या जातीने ते गृहीत ढासळवले.

ती आतड्यापेक्षा त्वचेवर, विशेषतः काखेत आणि जांघेत, घर करते. तिथून ती पलंगाच्या कठड्यावर, रक्तदाबमापकाच्या पट्ट्यावर, थर्मामीटरवर उतरते आणि तिथे दीर्घकाळ जिवंत राहते. रुग्णालयांत सर्रास वापरली जाणारी काही जंतुनाशके तिच्यावर पुरेशी प्रभावी ठरत नाहीत. क्लोरीनयुक्त द्रावणे अधिक उपयोगी पडतात. जुन्या पद्धतीच्या प्रयोगशाळा यंत्रांनी तिला अनेकदा भलत्याच जातीचे नाव दिले. अमेरिकेच्या सीडीसीनुसार तिथे तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे नव्वद टक्के नमुने फ्लुकोनाझोल या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या औषधाला दाद देत नाहीत. थोडक्यात, इतर कॅन्डिडा माणसाबरोबर रुग्णालयात येतात. ही रुग्णालयातून माणसाबरोबर बाहेर पडते.

भारतातील पहिली प्रकरणे २०१३ मध्ये दिल्लीच्या संशोधकांनी नोंदवली. पुढे दक्षिण आफ्रिका, पाकिस्तान, व्हेनेझुएला, कुवेत, ओमान, ब्रिटन, अमेरिका अशी नावे जोडली गेली. जनुकीय तपासणीतून जे दिसले ते अनपेक्षित होते. दक्षिण आशिया, पूर्व आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका येथील वाण एकमेकांपासून बरेच वेगळे होते. एका ठिकाणी जन्मून ती जगभर पसरली असे झाले नव्हते. जवळपास एकाच काळात अनेक खंडांत ती स्वतंत्रपणे वर आली होती. २०२१ मध्ये अंदमानच्या किनाऱ्यावरील वाळूत आणि खाऱ्या दलदलीत ती सापडल्याचे भारतीय संशोधकांनी प्रसिद्ध केले. वाढत्या तापमानाशी जुळवून घेताना ही बुरशी मानवी देहाच्या उष्णतेत टिकायला शिकली असावी, असा एक तर्क मांडला गेला आहे. तो अद्याप तर्कच आहे. पण तिला कुणा एका देशाची 'देणगी' म्हणता येणार नाही, एवढे जनुकीय पुराव्यातून स्पष्ट होते.

ऑक्सफर्डचा थर्मामीटर

ब्रिटनमधील दोन उद्रेक या संदर्भात अभ्यासण्यासारखे आहेत. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन या हृदय व फुप्फुसरोग रुग्णालयात एप्रिल २०१५ ते जुलै २०१६ या काळात ५० रुग्णांत ही बुरशी आढळली. त्याच सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यापीठ रुग्णालयातील मज्जारोग अतिदक्षता विभागात दुसरा उद्रेक चालू होता. फेब्रुवारी २०१५ ते ऑगस्ट २०१७ या काळात तिथे ७० रुग्णांवर वसती वा संसर्ग आढळला. त्यांतील ६६ जण निदानापूर्वी या एका विभागात राहून गेले होते. सात जणांना शरीराच्या आत शिरणारा संसर्ग झाला.

रुग्णालयाने भिंती, फरशा, पलंग, हात, सारे तपासले. आसमंतात बुरशी क्वचितच सापडली. अखेर संशोधकांनी धोक्याच्या घटकांचा सांख्यिकी अभ्यास केला आणि बोट एका किरकोळ वस्तूवर आले : काखेत लावून सतत तापमान मोजणारा, पुन्हा पुन्हा वापरला जाणारा प्रोब. इतर घटक हिशेबात घेतल्यानंतरही, प्रोब वापरलेल्या रुग्णांत ही बुरशी आढळण्याची सापेक्ष शक्यता जवळपास सातपट होती. फ्लुकोनाझोल दिल्या गेलेल्या रुग्णांत ती सुमारे दहापट होती. स्वच्छतेच्या अन्य उपायांनी न आटोपलेला उद्रेक हे प्रोब वापरातून काढल्यानंतर आटोक्यात आला. २०१८ मध्ये हा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला.

या हकिकतीत दोन गोष्टी ठळकपणे दिसतात. श्रीमंत देशातील, नामांकित विद्यापीठाच्या, काळजीपूर्वक चालवलेल्या रुग्णालयातही ही बुरशी अडीच वर्षे ठाण मांडून बसू शकते. तेव्हा तिच्या आढळाला मागासलेपणाचे लक्षण मानणे चुकीचे आहे. आणि धोका कधी कधी अशा वस्तूत दडलेला असतो, जिच्याकडे उपचाराचे साधन म्हणून कुणी पाहतच नाही. रुग्णाचे वय, त्याचा मधुमेह, त्याची प्रतिकारशक्ती हे सर्व शोधून झाल्यावरही, त्याच्या काखेत कुणाचा थर्मामीटर लावला होता, हे विचारायचे राहून जाते.

भारतातील २७ विभाग

आता आपल्या मायदेशाकडे वळू. भारतातील २७ अतिदक्षता विभागांत झालेल्या बहुकेंद्री पाहणीत दर हजार दाखल रुग्णांमागे ६.५१ जणांच्या रक्तात कॅन्डिडा आढळली. या रुग्णांचे पुढील विश्लेषण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. १,४०० रुग्णांपैकी ७४ जणांच्या, म्हणजे ५.३ टक्क्यांच्या, रक्तात कॅन्डिडा ऑरिस होती आणि ती २७ पैकी १९ विभागांत पसरली होती. कोणते घटक ऑरिसशी निगडित होते? सार्वजनिक रुग्णालय, आधीपासूनचा श्वसनविकार, रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया आणि पूर्वी दिलेली बुरशीरोधक औषधे. निदानापूर्वीचा अतिदक्षता विभागातील मुक्काम ऑरिसच्या रुग्णांत मध्यमानाने २५ दिवसांचा होता. इतर कॅन्डिडाच्या रुग्णांत तो १५ दिवसांचा होता.

या यादीतील एक निष्कर्ष प्रथमदर्शनी उलटा वाटतो. आजाराचे गांभीर्य मोजणारा अपाची गुणांक ऑरिसच्या रुग्णांत इतरांहून कमी होता. म्हणजे ज्यांना ही बुरशी जडली ते तुलनेने कमी अत्यवस्थ होते. पण विचार केला तर यातील तर्क कळतो. फार अत्यवस्थ रुग्ण एक तर लवकर दगावतो किंवा त्याच्यावरच्या संकटाचे मूळ त्याच्याच देहात असते. जो बऱ्यापैकी स्थितीत येतो, टिकतो, आणि आठवडेच्या आठवडे विभागात राहतो, त्याच्यापर्यंत विभागातील बुरशीला पोहोचायला वेळ मिळतो. ज्यांची बरे होण्याची आशा अधिक, त्यांनाच मुक्कामाची किंमत मोजावी लागावी, हे या आकड्यांतील खरे दुःख आहे.

'सार्वजनिक रुग्णालय' हा घटकही दोषारोप म्हणून वाचू नये. खाटा अपुऱ्या, परिचारिका अपुऱ्या, एकाच परिचारिकेवर अनेक रुग्णांचा भार; अशा ठिकाणी दोन रुग्णांच्या मध्ये हात धुण्याची सवड कमी होते. तिथे राबणाऱ्या माणसांच्या निष्ठेवर शंका घेण्याचे कारण नाही. जोखीम व्यक्तीच्या हलगर्जीपणातून जितकी येते, त्याहून अधिक ती माणसांच्या संख्येतून, जागेतून आणि साहित्याच्या तुटवड्यातून येते.

कोविडने हा तुटवडा सर्वत्र पोहोचवला. एप्रिल ते जुलै २०२० या काळात दिल्लीतील एका विभागात दाखल असलेल्या ५९६ गंभीर कोविड रुग्णांपैकी १५ जणांच्या रक्तात कॅन्डिडा सापडली आणि त्यांतील दहांची बुरशी ऑरिस होती. अमेरिकेतही तीच दशा झाली. तिथे ऑरिसच्या रुग्णांची वार्षिक संख्या २०१९ मधील ४७६ वरून २०२१ मध्ये १,४७१ वर गेली आणि २०२२ मध्ये २,३७७ झाली. गाऊन-हातमोज्यांची टंचाई, थकलेले कर्मचारी, लांबलेले मुक्काम आणि प्रतिजैविकांचा सढळ वापर यांचा हा एकत्रित परिणाम मानला जातो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रातील असंख्य घरांनी 'काळी बुरशी' हा शब्द भीतीने उच्चारला. तो आजार म्युकरमायकोसिस. त्याची बुरशी निराळी, ती हवेतून व मातीतून येते आणि माणसाकडून माणसाकडे पसरत नाही. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडे यांचा तिला मोठा हातभार लागला. ऑरिसची गोष्ट वेगळी आहे. या दोहोंची गल्लत केल्यास दोन्हींबाबतची खबरदारी चुकते.

औषधाचा मोह

वसती संसर्गापूर्वी येते, तर वसती दिसताच औषध का देऊ नये? हा प्रश्न नातेवाइकांना पडतो तसाच तो वैद्यांनाही पडला. फ्रान्समधील १९ अतिदक्षता विभागांत २६० रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हे रुग्ण सेप्सिसने ग्रस्त होते, त्यांचे अवयव निकामी होत होते आणि अनेक ठिकाणी कॅन्डिडाची वसती होती. पण बुरशीचा संसर्ग सिद्ध झालेला नव्हता. निम्म्यांना मायकाफंजिन हे प्रभावी बुरशीरोधक दिले, निम्म्यांना प्लासिबो. बुरशीच्या संसर्गाविना २८ दिवस जगणाऱ्यांच्या प्रमाणात दोन्ही गटांत सांख्यिकीदृष्ट्या ग्राह्य फरक पडला नाही.

याचा अर्थ संशयावरून बुरशीरोधक कधीच देऊ नये, असा नाही. रुग्ण ढासळत असेल आणि कारणे सबळ असतील तर वैद्यांना तो निर्णय घ्यावाच लागतो. पण केवळ थुंकीत किंवा लघवीत 'कॅन्डिडा' असे लिहून आले म्हणून औषध सुरू करणे बहुतेक वेळा निरर्थक असते. उलट ऑक्सफर्ड आणि भारत या दोन्ही ठिकाणच्या अभ्यासांत पूर्वीचे बुरशीरोधक औषध ऑरिसच्या धोक्याचा ठळक घटक ठरले. फ्लुकोनाझोल साध्या कॅन्डिडांना हटवते आणि त्याला न जुमानणाऱ्या ऑरिसला मोकळी जागा मिळते. प्रतिजैविकांनी जे जिवाणूंच्या बाबतीत केले, तेच बुरशीरोधकांनी बुरशीच्या बाबतीत होते.

दूरध्वनीवरची भूमिका

परदेशस्थ मराठी माणसाला या विषयात वैयक्तिक वाटा आहे, तो इथे. आई किंवा वडील कोल्हापुरात, ठाण्यात अतिदक्षता विभागात दाखल असतात. आपण लंडनहून, दुबईहून, न्यू जर्सीहून बोलत असतो. जवळ नसल्याची टोचणी मनात असते आणि ती एका वाक्यातून बाहेर पडते : "डॉक्टर, खर्चाची काळजी करू नका, जे काही चांगल्यात चांगले आहे ते द्या." हे वाक्य प्रेमातून येते. पण ते ऐकणाऱ्या डॉक्टरवर त्याचा दबाव पडतो. अधिक 'भारी' प्रतिजैविक, अधिक एक नळी, अधिक दोन दिवसांचे निरीक्षण यांतून कुटुंबाचे समाधान होते. रुग्णाचे हित दर वेळी होतेच असे नाही. वरची धोक्याची यादी पुन्हा नजरेखालून घातली, तर आपला आग्रह तिच्यातील किती ओळींत भर घालतो, हे ध्यानात येईल.

आग्रहाच्या जागी विचारणा आणता येते, आणि ती आदराने करता येते. सेंट्रल लाइनची आजही गरज आहे का? लघवीची नळी कधी काढता येईल? चालू असलेले प्रतिजैविक तपासणीच्या निष्कर्षानुसार कमी किंवा बंद करता येईल का? तोंडावाटे किंवा नाकातील नळीवाटे अन्न सुरू करता येईल का? अतिदक्षता विभागातून साध्या कक्षात हलवण्यासाठी नेमके कशाची वाट पाहायची आहे? चांगला डॉक्टर हे प्रश्न दररोज सकाळी स्वतःला विचारतच असतो. कुटुंबानेही ते विचारले, तर मुक्काम कमी करण्याचा त्याचा निर्णय त्याला एकट्याच्या जबाबदारीवर घ्यावा लागत नाही. भेटीला जाणाऱ्या भावाला, वहिनीला मात्र फोनवरून एक गोष्ट ठणकावून सांगावी : रुग्णाला हात लावण्यापूर्वी आणि नंतर हात स्वच्छ करा.

दुसरी गोष्ट प्रामाणिक सांगण्याची. आई-वडील इकडे आल्यावर रुग्णालयात जाण्याची वेळ आली, तर गेल्या वर्षभरातील भारतातील रुग्णालयाचा मुक्काम लपवू नये. तो लपवल्याने विलगीकरण टळेल, पण शेजारच्या खाटेवरील रुग्ण धोक्यात येईल, आणि उद्या आपल्याच माणसाला ताप आला तर डॉक्टरांना योग्य औषध निवडायला उशीर होईल. मुक्कामाची कागदपत्रे, दिलेल्या प्रतिजैविकांची आणि बुरशीरोधकांची नावे, नमुन्यांचे अहवाल हे सारे जवळ ठेवावे.

आणि वसती आढळलीच, तर घाबरून जाण्याचे कारण नाही. सीडीसीच्या माहितीनुसार वसती असलेल्यांपैकी साधारण पाच ते दहा टक्के रुग्णांत पुढे गंभीर संसर्ग होतो. उरलेल्यांत होत नाही. घरातील निरोगी माणसांना, नातवंडांना तिचा धोका अत्यल्प असतो. वसती महिनोनमहिने टिकू शकते, म्हणून पुढील प्रत्येक रुग्णालयाला ती कळवायची असते. आजोबांच्या मांडीवर नातवाने बसू नये, असे त्यातून निघत नाही. विलगीकरण ही शिक्षा नव्हे, हे आपल्या वडीलधाऱ्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगणे, ही मुलांची जबाबदारी आहे. इंग्रजीत दिलेले माहितीपत्रक हातात घेऊन एकट्या खोलीत बसलेल्या सत्तरीतल्या माणसाला ते आपोआप समजणार नाही.

नोंद आणि न्याय

सरकारी पातळीवर हालचाल झाली आहे, पण ती विषम आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ मध्येच रुग्णालयांना या बुरशीविषयी सूचना दिल्या होत्या. सीडीसीने २०१९ मध्ये तिचा समावेश तातडीच्या धोक्यांत केला. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये बुरशींची आपली पहिली अग्रक्रम यादी जाहीर केली आणि तिच्या सर्वोच्च गटात ऑरिसला स्थान दिले. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२५ पासून प्रयोगशाळांना ही बुरशी आढळल्यास कळवणे बंधनकारक झाले.

नोंद सक्तीची झाली की आकडे वाढतात आणि वाढलेले आकडे वृत्तपत्रांत भीती पसरवतात. जो देश शोधतो त्याच्याकडे बुरशी सापडते. जो शोधत नाही त्याचा नकाशा कोरा राहतो. भारतातील २७ विभागांनी आपली माहिती जगापुढे मांडली म्हणून सार्वजनिक रुग्णालयांची अडचण आकड्यांत दिसली. ऑक्सफर्डने आपला उद्रेक लपवला असता, तर काखेतील प्रोबचा धोका इतर रुग्णालयांना कळला नसता. म्हणून एखाद्या रुग्णालयाने 'आमच्याकडे ही बुरशी आढळली' असे सांगितले, तर त्यावर विश्वास कमी होण्याऐवजी वाढला पाहिजे.

आपल्यापैकी अनेक जण गावाकडच्या रुग्णालयाला देणगी देतात. व्हेंटिलेटर, मॉनिटर, स्कॅनर यांवर दात्यांची नावे कोरली जातात. बुरशीची जात अचूक ओळखणारी प्रयोगशाळा, पुरेशा परिचारिकांचे वेतन, एकदाच वापरायचे साहित्य आणि क्लोरीनची द्रावणे यांवर कुणाचे नाव कोरता येत नाही. पण धोक्याच्या घटकांच्या यादीने काही शिकवले असेल, तर ते हेच, की यंत्रांची संख्या वाढली आणि ती हाताळणाऱ्या, पुसणाऱ्या, वेळेवर काढणाऱ्या हातांची संख्या तीच राहिली, तर यंत्राबरोबर बुरशीचाही मुक्काम वाढतो. पुढच्या वेळी देणगीचा धनादेश लिहिताना, त्या रुग्णालयाला आणखी एका व्हेंटिलेटरची गरज आहे की आणखी चार परिचारिकांची, एवढे तरी आधी विचारून घ्यावे.